बैलाचे नऊ तास, ड्रायव्हरचे किती?

 गटांच्या बैठकांमधून जे प्रश्न येतात, त्यांवर आपण या कार्यक्रमात बोलतो. आजचा प्रश्न एका ताईंचा आहे. त्या दिवशी हप्ते गोळा करून झाले होते, वह्या मिटल्या होत्या आणि पेढ्यांचा डबा फिरत होता. शेजारच्या आळीतला एक मुलगा विमान चालवायला शिकून नोकरीला लागला, त्याचे पेढे. या ताईंचा थोरला मुलगा ट्रकवर आहे. पेढा हातातच धरून त्या म्हणाल्या, "तो पण ड्रायव्हर, माझा पण ड्रायव्हरच. त्याला म्हणे ठरल्या तासांच्या वर कुणी चालवू देत नाही. माझं पोरगं दोन-दोन रात्री जागतं. त्याची झोप कुणी मोजायची?"

पगाराचं विचारलं असतं, तर आम्ही तिथंच काहीतरी उत्तर दिलं असतं. विमान शिकायला पैसा फार लागतो, असं म्हणालो असतो. झोपेचं उत्तर मात्र आमच्याकडे नव्हतं. म्हणून आम्ही ते शोधायला बसलो. जुने कायदे पाहिले, अपघातांचे चौकशी अहवाल पाहिले. जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगतो.

बैलापासून सुरुवात

आपल्या आजीच्या काळात माणूस बाजाराला, जत्रेला बैलगाडीनं जायचा. परत येताना रात्र व्हायची. गाडीवान पेंगला तरी बैल पायाखालची वाट सोडत नसत, गाडी बरोबर दारात आणून उभी करत. चालवणारा झोपला तरी ओढणारा जागा असायचा. आणि बैल दमला की तो थांबायचाच. त्याला कितीही मारलं तरी पाय उचलत नाही, हे शेतकऱ्याच्या घरात सांगायला नको.

आता एक गोष्ट ऐका, आम्हालाही ती नवी होती. आपल्या देशात बैलाच्या कामाचे तास कायद्यात लिहिलेले आहेत. प्राण्यांना क्रूरतेनं वागवू नये म्हणून 1960 मध्ये कायदा झाला आणि त्याखाली 1965 मध्ये ओझ्याच्या जनावरांसाठी नियम आले. बैलाला दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त जुंपायचं नाही. सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, मध्ये विसावा द्यायचा. आणि जिथं पारा 37 अंशांच्या वर जातो, तिथं दुपारी बारा ते तीन जुंपायचंच नाही. ऊसतोडीच्या हंगामात हे किती पाळलं जातं, ते आपण डोळ्यांनी बघतो. पण कागदावर तरी बैलाचे नऊ तास आहेत.

मग बैलाच्या जागी इंजिन आलं. इंजिनाला वाट ओळखता येत नाही. ते दमत नाही, थांबत नाही. डिझेल असेपर्यंत चालतं. गाडीत दमणारा एकच जीव उरला, तो म्हणजे चालवणारा. त्याला दम लागतो, त्याचे डोळे मिटतात, हे कायद्याला समजायला किती वर्षं लागली आणि कुणी समजावून सांगितलं, तोच हा इतिहास आहे.

रेल्वेच्या भट्टीसमोर

16 एप्रिल 1853 ला मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी निघाली. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं ती ओढत होती. पुढे गाड्या वाढल्या. मेल गाड्यांचे ड्रायव्हर बहुतेक गोरे नाहीतर अँग्लो-इंडियन. आपली माणसं खालच्या कामाला, भट्टीत कोळसा टाकायला. एकाच इंजिनात उभ्या असलेल्या दोघांच्या पगारात मोठी तफावत असायची. म्हणजे चालवणाऱ्यांमधली उच्चनीचता आजची नाही, पहिल्यापासूनची आहे.

तासांचं काय? 1930 मध्ये रेल्वेच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि सलग काम करणाऱ्यांसाठी आठवड्याला 60 तासांची मर्यादा आली. स्वातंत्र्याच्या तोंडावर, 1946 मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांना रेल्वे कामगारांच्या तासांचा निवाडा करायला नेमलं. त्यांनी कामाचे प्रकार पाडले. ज्या कामात नजर क्षणभर हलवता येत नाही त्याला आठवड्याचे 45 तास, सलग कामाला 54, आणि ज्यात मध्ये मध्ये बसायला मिळतं त्याला 75.

पण कागद आणि भट्टी यांत अंतर होतं. वाफेच्या इंजिनात उभं राहून चौदा-सोळा तासांच्या ड्युट्या होतच होत्या. 1973 मध्ये इंजिनावरच्या माणसांनी संप केला, तेव्हा सरकारनं दहा तासांची मर्यादा मान्य केली. ती नीट अमलात येईना. पुढच्या वर्षी, 8 मे 1974 ला, देशभरातली रेल्वे थांबली. आठ तासांचा दिवस ही त्या संपाची एक मोठी मागणी होती. जवळजवळ सतरा लाख कामगार, वीस दिवस. हजारोंना अटक झाली. रेल्वेच्या वसाहतींमधली घरं रिकामी करायला लावली, सामान बाहेर फेकलं. भांडीकुंडी आणि लेकरं घेऊन रस्त्यावर कोण बसलं असेल, ते तुम्हाला सांगायला नको. संप मोडला गेला. आज इंजिन चालवणाऱ्याची ड्युटी संपली की त्याच्या नावापुढे तास लिहिले जातात, त्या एका नोंदीमागे त्या बायकाही आहेत.

आपल्याच भागातलं एक नाव इथं घ्यायला हवं. साताऱ्याच्या सुरेखा यादव. शेतकऱ्याच्या घरातली मुलगी, कराडला इलेक्ट्रिकलची पदविका घेतली आणि 1980 च्या दशकाच्या शेवटी रेल्वेच्या इंजिनात चढली. आशियातली पहिली महिला रेल्वेचालक म्हणून त्यांचं नाव घेतात. आधी सहायक, मग मालगाडी, मग मुंबईची लोकल. 8 मार्च 2011 ला डेक्कन क्वीन, 2023 मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत. 2025 मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या उमेदीच्या काळात इंजिनात शौचालय नव्हतं. इंजिनात पहिलं शौचालय बसवलं गेलं ते 2016 मध्ये, आणि अजूनही अनेक इंजिनांत ते नाही. बाईला आठ-नऊ तास लघवी अडवून बसावं लागणं, हाही कामाच्या तासांचाच प्रश्न आहे.

आकाशातले तास

आता विमानाकडे जाऊ. विमानवाल्यांना हे सगळं आयतं मिळालं असेल, असं आम्हालाही वाटत होतं. तसं नाही निघालं.

अमेरिकेत 1918 पासून टपाल विमानानं जाऊ लागलं. उघडी विमानं, रस्ता दाखवणारी यंत्रं नाहीत. खालचे रूळ आणि नद्या बघत उडायचं. टपाल वेळेवर पोचलं पाहिजे, धुकं असो की पाऊस, असा वरच्या साहेबाचा हुकूम. टपाल खात्याकडे हे काम होतं त्या आठ-नऊ वर्षांत तीसपेक्षा जास्त वैमानिक मेले. 1919 च्या जुलै महिन्यात दाट धुक्यात उडायला दोघांनी नकार दिला, त्यांना काढून टाकलं. बाकीच्यांनी काम थांबवलं. काही दिवसांतच तडजोड झाली. हवा उडण्याजोगी आहे की नाही, हे दूर राजधानीत बसलेल्या साहेबानं न ठरवता त्या त्या ठिकाणच्या माणसानं ठरवावं, असं मान्य झालं. विमानवाल्यांचा हा पहिला लढा पैशासाठी नव्हता. आज मी उडणार नाही, एवढं म्हणता यावं, यासाठी होता.

1931 मध्ये तिथल्या वैमानिकांनी संघटना बांधली, तीही सुरुवातीला गुपचूप, नोकरी जाईल म्हणून. मंदीचे दिवस होते, कंपन्या पगार कापत होत्या, तास वाढवत होत्या. अखेर 1934 मध्ये तिथल्या कामगार मंडळानं एक निर्णय दिला. वैमानिकानं महिन्याला 85 तासांपेक्षा जास्त उडायचं नाही. पगारात तास धरायचे, दिवसाचा दर वेगळा, रात्रीचा वेगळा. विमानं वेगवान झाली तर त्याचा लाभ चालवणाऱ्यालाही मिळावा, अशी आकारणी ठरली. 1938 मध्ये हे कायद्यात गेलं. वैमानिकाच्या मोठ्या पगाराचं मूळ इथं आहे, हे लक्षात ठेवा. आपण त्याकडे परत येऊ.

आपल्याकडे 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला टपाल आणलं, तिथून आपली विमानसेवा सुरू झाली. 1936 मध्ये सरला ठकराल साडी नेसून विमानात बसल्या आणि एकटीनं उडवून आल्या. 1985 मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांच्या हाताखाली कोलकाता ते सिल्चर असं विमान गेलं, त्यात सगळ्या बायकाच होत्या. आज आपल्या देशातल्या वैमानिकांत शंभरातल्या बारा ते पंधरा बाया आहेत. जगात हे प्रमाण पाचाच्या आसपास आहे.

शिक्षण काय लागतं, असं बऱ्याच जणी विचारतात. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं. वय अठरा पूर्ण. डोळे, कान, हृदय सगळ्याची कडक तपासणी. हवामान, दिशा ओळखणं, विमानाची यंत्रं, नियम अशा लेखी परीक्षा. आणि 200 तास प्रत्यक्ष उड्डाण. मग ज्या जातीचं विमान चालवायचं त्याचं वेगळं प्रशिक्षण. सगळं धरून खर्च पन्नास लाखांच्या पुढे जातो. मोठ्या विमानाचा कॅप्टन व्हायचं तर 1500 तास लागतात. नोकरी लागल्यावरही परीक्षा संपत नाही. जमिनीवरच्या नकली विमानात बसवून, इंजिन बंद पडलं, आग लागली असं दाखवून वर्षातून दोनदा तपासतात. आणि प्रत्येक उड्डाण वहीत लिहावं लागतं. कुठून निघालो, किती वाजता, कुठे उतरलो, किती तास. आपल्याकडे वर्षाला 1000 तासांच्या वर उडता येत नाही.

एवढं असूनही झोपेनं विमानवाल्यांना गाठलंच. 22 मे 2010 ची पहाट आठवा. दुबईहून रात्री निघालेलं विमान मंगळुरूला उतरताना टेकडीवरच्या धावपट्टीच्या पुढं जाऊन दरीत कोसळलं. 158 माणसं गेली. बहुतेक आखातात राबून घरी येणारी माणसं आणि त्यांची कुटुंबं. चौकशी निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्याकडे होती. विमानातल्या आवाजाच्या नोंदीत कॅप्टन बराच वेळ, दीड तासाच्या वर, झोपलेला होता असं निघालं. दहा हजारांहून जास्त तास उडालेला माणूस. उतरण आल्यावर तो जागा झाला, पण डोक्यातली झोप गेली नव्हती. विमान जास्त उंचीवर होतं. सहवैमानिक परत वर घेऊ म्हणून सांगत होता. कॅप्टननं उतरवायचं सोडलं नाही. पहाटे तीनला उठवल्यावर आपण चुलीपुढे कसं वागतो, मीठ कुठं टाकतो, ते आठवा. तसंच ते.

त्याआधी वर्षभर, 12 फेब्रुवारी 2009 ला, अमेरिकेत बफेलो शहराजवळ एक छोटं प्रवासी विमान पडलं. 50 जीव गेले. विमान हवेत पडू लागलं तेव्हा कॅप्टननं नेमकं उलटं केलं, हे मुख्य कारण ठरलं. पण चौकशीत आणखीही काही बाहेर आलं. सहवैमानिक तरुण बाई होती. पगार इतका थोडा, की नोकरीच्या गावी खोली घेणं परवडेना. ती देशाच्या दुसऱ्या टोकाला आईवडिलांकडे राहायची. आदल्या रात्री मालवाहू विमानातून रात्रभर प्रवास करून ती कामावर आली होती. आधी तिनं कॉफीच्या दुकानात जोडकामही केलं होतं. मैत्रिणींनो, ही वैमानिक बाई. छोट्या कंपन्यांनी स्वस्तात उडवायचं ठरवलं की वैमानिकाचंही असं होतं. म्हणजे मोठा पगार हा विमानाला चिकटून येत नाही.

गेलेल्या माणसांच्या घरच्यांनी पाठपुरावा केला आणि 2010 मध्ये तिथं कायदा झाला. सहवैमानिकालाही 1500 तासांचा अनुभव हवा. 2014 पासून ड्युटीआधी दहा तासांची विश्रांती, त्यात आठ तास झोपायची सोय. पण या नियमातून एका जातीच्या वैमानिकांना वगळलं. माल वाहणाऱ्यांना. त्यांच्यासाठी खर्च जास्त आणि फायदा कमी, असा हिशेब मांडला गेला. नियम लागू व्हायच्या चार-पाच महिने आधी, ऑगस्ट 2013 मध्ये, अलाबामा राज्यात पहाटेच्या अंधारात एक मालवाहू विमान पडलं. दोघं वैमानिक गेले. थकवा हे त्याच्या कारणांपैकी एक होतं.

हे वाचलं आणि आम्हाला ताईंच्या प्रश्नाचा अर्धा उलगडा झाला. तेच विमान, तेच आकाश, तेच शिक्षण. मागं माणसं बसली असतील तर चालवणाऱ्याची झोप मोजायची. मागं पेट्या असतील तर नाही. ताईंच्या मुलाच्या मागं कांद्याच्या गोण्या असतात.

रस्त्यावरचे तास

आता त्याच्या रस्त्यावर येऊ. कायदा नाही असं नाही. इंग्रजांच्या काळातच, 1939 च्या मोटार कायद्यात लिहिलं होतं की ड्रायव्हरला सलग पाच तासांनंतर अर्धा तास थांबू द्यावं, दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला 54 तासांवर चालवू देऊ नये. पंचवीस-सव्वीस वर्षांनी बैलाला मिळाले तेच नऊ आणि तेच पाच. 1961 मध्ये मोटार कामगारांचा वेगळा कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला 48, लांबच्या मार्गावर दहा आणि 54 पर्यंत. दोन दिवसांच्या कामात निदान नऊ तासांची सुट्टी. आठवड्यातून एक दिवस रजा. 1988 च्या मोटार कायद्यानंही हेच तास मानले. आता 2025 पासून हा कायदा नव्या कामगार संहितेत सामावला गेला आहे.

मग अडलं कुठं? 1961 चा कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला लागू होता. आपल्याकडे एक ट्रक, दोन ट्रक असलेले मालक किती आहेत, ते आपल्याच गावात मोजा. शिवाय पगार खेपेवर. नाशिकचा माल चेन्नईला टाकला, परतीचा भरून आणला, की एक खेप. जितक्या खेपा जास्त, तितका पैसा जास्त. झोपला तर त्याचाच तोटा. विमानवाल्याला तास वाढवायला बंदी आहे. ट्रकवाल्याला तास वाढवल्याशिवाय घरखर्च भागत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, त्याचे तास कुठंही लिहिले जात नाहीत. विमानाला वही आहे, रेल्वेला वही आहे. ट्रकच्या ड्रायव्हरची वही नाही.

परवान्याचं बघा. वीस वर्षं पूर्ण, वर्षभर हलक्या गाडीचा परवाना, मग अवजड गाडीचं शिक्षण आणि आरटीओची चाचणी. आठवी पासची अट होती, तीही 2019 मध्ये काढली. बहुतेक पोरं क्लीनर म्हणून चढतात आणि उस्तादाच्या हाताखाली शिकतात. त्यांचं शिक्षण कमी असतं असं आम्ही म्हणणार नाही. घाटात भरलेला ट्रक उतरवणं ही विद्याच आहे. पण त्या विद्येचा कागद नाही, म्हणून किंमत नाही.

एसटीचा ड्रायव्हर या दोघांच्या मधला. 1 जून 1948 ला पुणे-नगर पहिली एसटी धावली. एसटीत भरती आहे, चाचणी आहे, ड्युटीची नोंद आहे, संघटना आहे. तरी मुक्कामी गाडीचा ड्रायव्हर आपल्या गावात कुठं झोपतो, हे आपल्याला माहीत आहे. उन्हाळ्यात टपावर, पावसाळ्यात सीटवर. डास मारत. कुणाच्या तरी घरची भाकरी खाऊन. सकाळी सहाला तोच शाळेची पोरं घेऊन निघतो. त्याची नऊ तासांची विश्रांती वहीत बरोबर लिहिलेली असते. विमानवाल्याला मुक्कामी खोली आणि गादी मिळते. झोप मोजताना झोपायची जागा मोजली का, हेही विचारायला हवं. 2021 च्या दिवाळीपासून पाच महिन्यांवर एसटीचा संप चालला, तेव्हा पगार आणि सरकारी नोकरीचा दर्जा या मागण्यांबरोबर असे कित्येक जुने सल त्यात होते. 2019 मध्ये महामंडळानं महिला चालकांचं प्रशिक्षणही सुरू केलं. त्या मुक्कामी गाडीवर गेल्या तर झोपणार कुठं, याचं उत्तर गावानंही तयार ठेवायला हवं.

युरोपात ट्रकमध्ये एक यंत्र असतं, गाडी किती तास चालली आणि किती थांबली ते लिहीत राहतं. 1970 पासून तिथं त्याचा नियम आहे. आज तिथला ड्रायव्हर साडेचार तास चालवला की पाऊण तास थांबतो, आणि दिवसाला साधारण नऊ तासच चालवतो. गंमत अशी, की ब्रिटनमधले ड्रायव्हर आधी या यंत्राच्या विरोधात होते. केबिनमध्ये बसवलेला हेर, असं ते त्याला म्हणत. त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती, कारण तास कमी झाले की कमाई कमी होते. म्हणून तास आणि पगार एकत्र ठरले, तरच वहीचा उपयोग. नुसते तास बांधले तर ड्रायव्हर खोटं लिहील. नुसता पगार वाढवला तर तो जागेल.

आपल्याकडे जानेवारी 2024 मध्ये काय झालं, आठवतंय? पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या. ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या होत्या. अपघात करून न कळवता पळून गेलेल्याला दहा वर्षांपर्यंत कैद, असं नव्या न्याय संहितेत आलं होतं. वाहतूकदारांशी बोलल्याशिवाय हे कलम लागू करणार नाही, असं सरकारनं सांगितलं, तेव्हा गाड्या सुटल्या. अपघातात ज्यांची माणसं गेली त्यांना न्याय मिळालाच पाहिजे, आमचंही तेच म्हणणं आहे. 2022 या एका वर्षात देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. ट्रकच्या मागं कांदा असेल, पण पुढं माणसं असतात. सायकलवरचं पोरगं असतं, पायी वारीला निघालेली माउली असते. म्हणूनच आमचा प्रश्न आहे. ड्रायव्हरच्या कैदेची वर्षं मोजणाऱ्या कायद्यानं त्या रात्री तो किती तासांचा जागा होता, हेही मोजायला नको का?

मग ताईंना उत्तर काय?

पगारातला फरक शिक्षणामुळे आहे, जबाबदारीमुळे आहे, हे खरं. पण तेवढ्यानं तो होत नाही, हे बफेलोच्या त्या मुलीनं दाखवलं. संघटना, कायदा आणि लिहिलेले तास, या तिन्हींनी तो पगार उभा केला. आणि झोप? झोपेत मात्र फरक करायला काही कारणच नाही. पन्नास लाख भरून शिकलेल्या माणसाचे डोळे आणि क्लीनरपासून वर आलेल्या माणसाचे डोळे रात्री तीन वाजता सारखेच जड होतात.

ही लढाई विमानवाल्यांचीही संपलेली नाही. वैमानिकांच्या संघटना कोर्टात गेल्यावर आपल्याकडे नवे नियम आले. आठवड्याची विश्रांती 36 तासांवरून 48 वर गेली, रात्रीच्या उड्डाणांवर जास्त बंधनं आली. नोव्हेंबर 2025 मध्ये ते पूर्ण लागू झाले आणि डिसेंबरात देशातल्या सगळ्यात मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली. विमानतळांवर माणसं जमिनीवर झोपली. मग कंपनीला काही नियमांतून काही काळ सूट मिळाली. त्या गोंधळातून एक गोष्ट उघड झाली. माणसांना पुरेसं झोपू द्यायचं, तर जास्त माणसं कामावर ठेवावी लागतात. मालक झोपेला घाबरतो तो यासाठी. ट्रकचा मालकही एका गाडीवर दोन ड्रायव्हर ठेवत नाही तो यासाठीच.

आपण काय करायचं? बचत गटानं आपल्याला एक गोष्ट शिकवली. वहीत लिहिलं की ते नाकारता येत नाही. आधी आपले पैसे कुठं जातात ते आपल्यालाच माहीत नव्हतं. वही आली आणि बँकेचा साहेब खुर्ची द्यायला लागला. ज्यांच्या घरचा माणूस गाडीवर आहे, त्यांनी एक साधी वही करावी. गेला कधी, आला कधी, मध्ये झोपला कुठं आणि किती. फोनवर विचारून आपणच लिहायचं. महिनाभर लिहा आणि बैठकीत आणा. दहा घरच्या दहा वह्या एकत्र आल्या की मालकाशी, कामगार कार्यालयाशी बोलायला हातात काहीतरी असेल.

आणि दुसरं आपल्या हातातलं. गट देवदर्शनाला निघतो, तेव्हा आपण गाडी ठरवतो. भाड्यात पाचशे कमी करून घेतो आणि रात्रीचा प्रवास करतो, म्हणजे मुक्कामाचा खर्च वाचतो. ड्रायव्हर आदल्या रात्री कुठल्या लग्नाचं वऱ्हाड सोडून आला, हे आपण विचारतो का? पुढच्या वेळी विचारा. लांबचा पल्ला असेल तर दुसरा ड्रायव्हर मागा आणि त्याचे पैसे द्या. मुक्काम केला तर ड्रायव्हरला खोलीत जागा द्या, गाडीत झोपवू नका. मालकानं झोप मोजावी म्हणायचं आणि आपण भाडं देताना ती मोजायची नाही, हे बरोबर नाही.

त्या ताईंना आम्ही हे सगळं सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वही मी आजच घालते. पण त्याला फोन करायचा कधी? चालवत असला तर?" याचं उत्तर आम्ही त्यांच्याकडूनच घेतलं. फोन आपण करायचा नाही. गाडी उभी केल्यावर त्यानं करायचा. "थांबलोय" एवढंच म्हणायचं. आई वेळ लिहून घेईल.

पुढच्या आठवड्यात भेटू. तुमच्या गावात मुक्कामी गाडी येत असेल, तर तिचा ड्रायव्हर कुठं झोपतो ते बघून आम्हाला कळवा. नमस्कार.